पंचवीस लाख कोटी पेशी आणि बापाच्या रक्ताचा एक थेंब

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 25 लाख कोटी लाल पेशी असतात. एकेक पेशी जगते जेमतेम 120 दिवस. ही संख्या टिकवायची म्हणून हाडांतला मगज दर सेकंदाला साधारण 24 लाख नव्या पेशी घडवतो. प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू. गुणाकार केला तर एका शरीरातल्या रेणूंचा आकडा 6 वर 21 शून्ये यांच्याही पुढे जातो.

आता दुसऱ्या टोकाचा आकडा. आपल्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरे आहेत. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात त्यांतले फक्त एक बदललेले असते. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या 146 अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. खिळा जुळवताना एका अक्षराची गफलत व्हावी आणि त्या छापखान्यातून निघालेल्या प्रत्येक प्रतीत ती उतरावी, तसा हा प्रकार.

ऑक्सिजन कमी झाला की हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटून दांड्यांसारखे लांबतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. केशवाहिनीतून अंग चोरून जाणे तिला जमत नाही. ती अडकते, मागच्या अडकतात, रक्त पोहोचत नाही आणि हातपाय, पाठ, छाती ठणकू लागते. अशी पेशी 120 ऐवजी 10 ते 20 दिवसांतच फुटते. मगजाने कितीही जोर लावला तरी तूट भरून निघत नाही. पांढरे पडलेले डोळे, वाढलेली प्लीहा, वारंवार जंतुसंसर्ग आणि शाळेतली गैरहजेरी, या सगळ्यांचे मूळ त्या एका अक्षरात आहे.

भारतात सिकलसेल प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. 1958 साली शुक्ला आणि सोलंकी यांनी नागपूरच्या बाजूची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. हा आजार इकडे एवढा का, याचे उत्तर आफ्रिकेतून आले होते. ज्याला एकाच पालकाकडून सदोष जनुक मिळते, त्या वाहकाला घातक मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली दाखवले. जिथे डासांनी पिढ्यान् पिढ्या लेकरे नेली, तिथे हे जनुक टिकले, मग तो आफ्रिकेचा मलेरियाग्रस्त टापू असो की विदर्भातले जंगल. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांतल्या काही समाजांत ते आजही मोठ्या प्रमाणात आहे.

विदर्भात लोक ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ असेच बोलतात. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. आईबाप दोघेही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. पहिली दोन लेकरे धडधाकट निघाली म्हणून तिसऱ्याची शक्यता कमी होत नाही. तीन मुलांच्या घरात एक तरी रुग्ण असण्याची शक्यता 58 टक्के भरते.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये, गरोदर बायांची तपासणी करून ज्यांच्या रक्तात सिकलसेल आढळला त्यांच्या 2134 नवजात बाळांचे रक्त तपासले गेले. अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. 978 बाळे एएस निघाली, 104 एसएस. पहिला आकडा निम्म्याच्या जवळ जातो, वाहक आईच्या पोटी तो तसाच यायला हवा. दुसरा आकडा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. 2134 मध्ये 104 म्हणजे साधारण वीस बाळांत एक. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला चारात एक मूल एसएस होते, हे धरून उलटा हिशेब केला तर त्या बायांपैकी साधारण पाचातल्या एकीचा नवराही वाहक असला पाहिजे.

माझे सगळे म्हणणे या पाचातल्या एका बापाविषयी आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने तीन वर्षांत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरवली, म्हणजे सुट्ट्या धरूनही रोज सुमारे 64 हजार. आकडा प्रचंड आहे आणि हवाच आहे. पण बाई गरोदर असते तेव्हा तिचे रक्त तपासले जाते आणि नवरा बाहेर बाकावर बसून राहतो. दोघेही वाहक निघाले तर पोटातल्या बाळाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून होऊ शकते. बाप दोन महिन्यांनी आला तर ही वेळ हातची जाते.

तपासणी तरी किती सोपी! परीक्षानळीतल्या द्रावणात बोटाच्या रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटे थांबायचे आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा पाहायच्या. रेघा स्पष्ट दिसल्या तर बहुधा काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर एएस की एसएस हे ठरवायला पुढची तपासणी.

आणि आजार असलाच, तरी हात टेकायचे कारण नाही. डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी नागपुरातल्या गंभीर आजारी 60 मुलांवर केलेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. कमी मात्रेत हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळालेल्या मुलांना आधी वर्षाला सरासरी 12 वेळा वेदनेचे झटके येत होते, ते सरासरी एकाच्याही खाली आले. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एका जनुक-उपचाराची किंमत तेव्हा 22 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 18 कोटी रुपये होती. आपल्या रुग्णाला आज वाचवणारी गोष्ट हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळी आहे, आणि ती गावातल्या आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळायला हवी.

संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी नागपुरातून हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. आता नियम एवढाच करावा: बाईचा पॅटर्न एएस किंवा एसएस आला की त्याच आठवड्यात नवऱ्याचे रक्त घ्यायचे. त्याला बोलावण्याचे काम बाईवर टाकू नये. आशाताईने ते निरोप देऊन करावे आणि केंद्राने त्याची मजुरी बुडणार नाही अशी वेळ द्यावी.