तृणभूमीतील नगरे – लेखांक सहावा : खाऱ्या ओढ्याकाठची राजधानी

मागील लेखांकात पाहिलेले ओमाहा हे मिसूरी नदीच्या उताराचे गाव होते. जेथे बोटी लागत आणि पुढे जेथून लोहमार्ग पश्चिमेकडे निघाला, तेथे ते न वसते तरच नवल. तेथून पन्नासएक मैल नैर्ऋत्येला असलेल्या लिंकनविषयी, म्हणजे नेब्रास्का राज्याच्या राजधानीविषयी, असे काही म्हणता येत नाही. नौकानयनास योग्य नदी नाही, खाण नाही, डोंगराचा आसरा नाही, आणि ज्या ओढ्याच्या काठी हे नगर उभे आहे त्याचे पाणी इतके क्षारयुक्त, की त्याला सॉल्ट क्रीक हेच नाव पडले. असे असता आज तेथे जवळजवळ तीन लक्ष लोकांची वस्ती आहे; २०२० च्या शिरगणतीत २,९१,०८२ माणसे मोजली गेली. हे नगर ठरावाने वसले आहे. कायदेमंडळाच्या एका निर्णयाने जन्मलेल्या या गावाने पुढील दीडशे वर्षे आपले बहुतेक मोठे प्रश्न सार्वजनिक विचारविनिमयाने आणि सार्वजनिक खर्चाने सोडविले, हीच त्याची ओळख होय असे माझे मत आहे; आणि ज्या जमिनीवर ते बसले तिचे ऋण मात्र त्याने फार उशिरा ओळखले, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

ती जमीन प्रथम पाहावी. येथे वर्षाला अठ्ठावीस-एकोणतीस इंच पाऊस पडतो. तेवढ्या पावसावर दाट अरण्य वाढत नाही, पण पुरुषभर उंचीचे गवत वाढते. या गवताच्या मधोमध भूगर्भातील वालुकाश्माच्या थरांतून खारे पाणी वर येऊन सखल भागात पसरे, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत आपल्याकडील मिठागरांप्रमाणे तेथे पांढरा थर धरे. ओटो, पॉनी आणि इतर जमातींचे लोक हे मीठ पिढ्यान् पिढ्या गोळा करीत आले होते. १८३३ व १८५४ च्या तहनाम्यांनी ओटो-मिसूरिया लोकांचा या प्रदेशावरील हक्क संपविण्यात आला. पॉनी लोकांना १८७० च्या दशकात दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत जावे लागले. नंतरच्या वसाहतीच्या कागदोपत्री ही भूमी ‘मोकळी’ म्हणून नोंदली गेली खरी, परंतु ती मोकळी नव्हती, मोकळी करण्यात आली होती. हे स्पष्ट सांगितल्यावाचून या नगराची कथा पुढे नेणे मला प्रशस्त वाटत नाही.

१ मार्च १८६७ रोजी नेब्रास्काला राज्याचा दर्जा मिळाला आणि लगोलग राजधानीचा वाद पेटला. तोवर कारभार ओमाहातून चाले. प्लॅट नदीच्या दक्षिणेकडील वस्ती अधिक, म्हणून राजधानी आपल्याकडे यावी अशी तिकडील प्रतिनिधींची मागणी. त्यांतील अनेकांची सहानुभूती यादवी युद्धात दक्षिणेकडे होती. तेव्हा नव्या राजधानीस लिंकन हे नाव सुचविले म्हणजे ते आपणहून प्रस्तावाच्या विरोधात जातील, असा डाव ओमाहाच्या बाजूच्या एका सदस्याने टाकला, असे सांगतात. दक्षिणवाल्यांनी नाव गिळले आणि राजधानी मिळविली. गव्हर्नर डेव्हिड बटलर, सेक्रेटरी ऑफ स्टेट टॉमस केनर्ड आणि हिशेबनीस जॉन गिलेस्पी या त्रिसदस्य आयोगाने जुलै महिन्यात फिरून जागा पाहिल्या आणि लँकेस्टर नावाच्या मूठभर घरांच्या वाडीवर बोट ठेवले. या निवडीत मिठाच्या आशेचा वाटा मोठा होता.

बांधकामास तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा आयोगाने कोऱ्या गवतावर रस्त्यांची आखणी केली, भूखंड पाडले आणि त्यांचा जाहीर लिलाव पुकारला. त्या उत्पन्नातून पहिले राज्यभवन उठले आणि विश्वविद्यालयाच्या इमारतीचीही सोय झाली. जे नगर अद्याप अस्तित्वात नाही त्याच्या जमिनी विकून त्याच नगराच्या संस्था उभारायच्या, हा धाडसी व्यवहार होता, आणि अशा व्यवहारात जे घडू शकते तेही घडले. शाळांच्या निधीतील रक्कम स्वतःकडे वळविल्याच्या आरोपावरून १८७१ साली बटलर यांच्यावर महाभियोग चालून त्यांना पदच्युत करण्यात आले. पुढे कायदेमंडळाने ती नोंद दफ्तरातून काढून टाकली. तरीही त्यांनी निवडलेली जागा टिकली. १८७० साली बर्लिंग्टन कंपनीचा लोहमार्ग गावात पोचला, आणि त्या वर्षीच्या शिरगणतीत २,४४१ रहिवासी भरले.

मिठाची आशा मात्र विरघळली. राज्यनिर्मितीच्या कायद्यान्वये खाऱ्या झऱ्यांच्या जमिनी नेब्रास्काला मिळाल्या होत्या, आणि त्यांचा मक्ता देऊन सरकारी उत्पन्न वाढवावे असा बेत होता. त्यावर जे. स्टर्लिंग मॉर्टन यांनी, वृक्षदिनाची प्रथा १८७२ साली सुरू करणारे म्हणून जग ज्यांना ओळखते त्याच मॉर्टन यांनी, आपला मालकीहक्क सांगितला. कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. क्षारभूमी आधीपासून सरकारकडे राखीव होती, सबब तिची खाजगी खरेदी रद्दबातल, असा निकाल १८७४ च्या सुमारास राज्याच्या बाजूने लागला. परंतु खटला जिंकून हाती काय आले? कढयांत पाणी आटवून निघणाऱ्या मिठापेक्षा रेल्वेने बाहेरून येणारे मीठ स्वस्त पडू लागले, आणि १८८० च्या दशकात सरकारने दोन हजार फुटांहून खोल विंधण घेऊनही व्यापारास पुरेल असा साठा लागला नाही. ज्याच्यासाठी जागा निवडली ते मीठ उत्पन्न देईना, आणि विहिरींचे पाणी मात्र ते बिघडवीतच राहिले. अखेरीस १९३० च्या दशकात ॲशलंडजवळ, प्लॅट नदीच्या वाळूत विहिरी खणून सुमारे पंचवीस मैलांवरून पाणी आणण्यात आले. आजही लिंकनच्या नळाला येते ते तेच पाणी. २०१९ च्या मार्चमधील महापुरात या विहिरींचा वीजपुरवठा तुटला, तेव्हा सबंध नगरावर पाणीवापराचे निर्बंध घालावे लागले होते.

विश्वविद्यालयाची सनद १८६९ ची, म्हणजे गावाला जेमतेम दोन वर्षे झाली असतानाची. ज्या प्रदेशात शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तेथे विश्वविद्यालय काढणे अनेकांना अवाजवी वाटले असेल; परंतु या तृणभूमीवर सर्वांत सखोल विचार झाला तो याच संस्थेत. चार्ल्स बेसी १८८४ साली वनस्पतिशास्त्राचे अध्यापक म्हणून आले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना पुस्तकांतून उठवून रानात नेले. त्यांचे दोन शिष्य, फ्रेडरिक क्लेमेंट्स आणि रॉस्को पाउंड, यांनी रानाचा ठरावीक चौरस आखून त्यातील प्रत्येक रोप मोजण्याची पद्धत रूढ केली, आणि १८९८ साली नेब्रास्काच्या वनस्पतिभूगोलावर ग्रंथ प्रसिद्ध केला. लिंकनमध्येच जन्मलेले पाउंड पुढे कायद्याकडे वळले आणि हार्वर्डच्या विधिविद्यालयाचे प्रमुख झाले.

याच परंपरेतील जॉन वीव्हर यांचे काम मला या नगराच्या साऱ्या इतिहासात अत्यंत मोलाचे वाटते. गवत वर दिसते त्याहून अधिक खाली असते, हे शेतकऱ्याला नांगराच्या फाळाने कळले होते. वीव्हर यांनी ते चित्रांनी सिद्ध केले. गवताच्या शेजारी माणूस बुडेल इतका चर खणायचा, चराच्या भिंतीतील माती टोच्याने कण कण उकरीत एकेक मूळ तुटू न देता उघडे करायचे, आणि ते जसे आहे तसे मोजून चौकटींच्या कागदावर प्रमाणबद्ध उतरवायचे, असा हा उद्योग होता. बिग ब्लूस्टेम आणि स्विचग्रास यांची मुळे सात ते दहा फूट खोल गेलेली त्या चित्रांत दिसतात. १९३० च्या दशकातील भीषण अवर्षणात, गव्हाची आणि मक्याची पिके करपून माती आकाशात उडत असता, कोणते गवत तगले, कोणते मेले, आणि मेलेल्याची जागा कोणी घेतली, याची नोंद ते वर्षामागून वर्ष ठेवीत गेले. मुळे उथळ असलेल्या लिटल ब्लूस्टेमचे विस्तीर्ण पट्टे त्या वेळी नाहीसे झाले.

त्यांच्या अभ्यासाच्या जागांपैकी एक अद्याप शाबूत आहे. विश्वविद्यालयाच्या आवारापासून नऊ मैलांवर म्हणून नाइन-माइल प्रेअरी या नावाने ओळखला जाणारा हा २३० एकरांचा तुकडा नांगराखाली कधी आला नाही, आणि सुमारे चारशे जातींच्या वनस्पती तेथे सापडतात. तो राखण्यासाठी ठरावीक काळाने त्याला आग लावावी लागते. जाळल्यावाचून झुडपे आणि देवदारवर्गीय झाडे गवताला गिळून टाकतात. भोवती कोसच्या कोस मका आणि सोयाबीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक वसाहतकाराला दिलेल्या १६० एकरांच्या चौकोनी चतुःसीमा तेथे अजून ओळखू येतात. पूर्वीच्या अफाट तृणसागरापैकी एवढेच उरावे, ही गोष्ट मनाला लागते.

आता राज्यभवन. दोन इमारती कमकुवत निघाल्यावर १९२० साली स्पर्धा घेण्यात आली, आणि बर्ट्रम गुडह्यू या वास्तुशिल्पज्ञाने तीत इतर राज्यांतील घुमटांची नक्कल करण्याचे नाकारून, पसरट चौकोनी पायावर चारशे फूट उंचीचा मनोरा योजला. सपाट भूमीवर असा एकच उभा स्तंभ मैलोगणती दुरून दिसतो; तो तसाच दिसत राहावा म्हणून भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर पुढे नियमांनी मर्यादा घालण्यात आली. १९२२ ते १९३२ या दहा वर्षांत काम टप्प्याटप्प्याने झाले: जुन्या इमारतीत कारभार चालू ठेवून तिच्याभोवती नवी उभारायची, मग दफ्तरे हलवायची, मग जुनी पाडायची. खर्च एक कोटी डॉलरांच्या किंचित आत राहिला, आणि कर्जरोखे न काढता तो जसजसा झाला तसतसा चुकता करण्यात आला. शेवटची वर्षे महामंदीची होती हे ध्यानी घेता ही शिस्त असामान्य म्हटली पाहिजे. गुडह्यू १९२४ सालीच निवर्तले. शिखरावर ली लॉरी यांनी घडविलेला, एकोणीस फुटांहून उंच, पेरणी करणारा ब्राँझचा पुरुष उभा आहे. भिंतींवर राज्यातील ९३ कौंटींची नावे कोरलेली आहेत. आणि सबंध इमारतीतील लेख व प्रतीके यांची योजना हार्टली बर अलेक्झांडर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने केली. राज्यभवनाच्या भिंतींवर काय लिहावे याचा निर्णय एखाद्या तत्त्वज्ञावर सोपविल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

या इमारतीत कायदेमंडळाच्या दोन सभागृहांसाठी दोन भव्य दालने बांधली होती. बांधकाम संपून दोनच वर्षे झाली आणि १९३४ साली नेब्रास्काच्या मतदारांनी, सिनेटर जॉर्ज नॉरिस यांच्या आग्रही प्रचारानंतर, दुसरे सभागृहच रद्द केले. दोन सभागृहांच्या मतभेदांचा निकाल बंद दाराआड मोजक्या सदस्यांच्या समितीत लागतो आणि जबाबदारी कोणाची हे जनतेला कळत नाही, हा नॉरिस यांचा मुख्य मुद्दा. १९३७ पासून एकच सभागृह बसू लागले. १३३ सदस्यांच्या जागी ४३ आले, आज ते ४९ आहेत, आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष छापला जात नाही. प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी झालीच पाहिजे असा दंडक आहे; कोणीही नागरिक येऊन बोलू शकतो. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत अशी व्यवस्था अन्यत्र नाही. वीजपुरवठ्याबाबतही हेच वळण: १९४६ पर्यंत नेब्रास्कातील सर्व खाजगी वीज कंपन्या सार्वजनिक मालकीत आल्या, आणि लिंकनची वीज आजही नगराच्याच संस्थेकडून मिळते. दुसरे सभागृह रद्द झाल्याने रिकामे पडलेले राज्यभवनातील पूर्वेकडील दालन सुस्थितीत राखलेले आहे; तेथे आता समारंभ होतात.

विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे या गावाचे सर्वांत गाजलेले रहिवासी. १८८७ साली वकिलीसाठी आलेल्या या वक्त्याने १८९६, १९०० आणि १९०८ अशा तीन खेपांना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविली आणि तिन्ही वेळा पराभव पत्करला. पण कर्जात बुडालेल्या मैदानी शेतकऱ्याची तक्रार राष्ट्राच्या व्यासपीठावर नेली ती त्यांनीच. महाराष्ट्रातील वाचकाला त्यांचे स्मरण आणखी एका कारणाने असावे: जगप्रवासात हिंदुस्थान पाहून १९०६ साली त्यांनी येथील ब्रिटिश राज्यावर परखड टीका करणारा लेख लिहिला. बंगालच्या फाळणीविरुद्ध चळवळ पेटलेली असताना एका परकी लोकनेत्याने सारा, दारिद्र्य आणि स्वराज्याचा नकार यांवर ठेवलेले बोट त्या काळी मोलाचे होते.

ओढ्याकाठच्या पूरप्रवण सखल भागात स्वस्त जमीन मिळे, म्हणून व्होल्गा नदीकाठून आलेल्या जर्मनभाषकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे वस्ती केली. उन्हाळ्यात सबंध कुटुंबे, लहान मुलांसकट, आगगाडीने पश्चिमेकडील बीटाच्या शेतांत मजुरीस जात आणि शरदात परतत. त्यानंतर व्हिएतनामी निर्वासित आले. आणि अलीकडे इराकमधील यझिदी, ज्यांतील अनेकांनी अमेरिकन सैन्यासाठी दुभाषाचे काम केले होते. अमेरिकेतील यझिदींची सर्वांत मोठी वस्ती आज लिंकनमध्ये आहे. शरद ऋतूतील शनिवारी विश्वविद्यालयाच्या फुटबॉलसाठी तांबडे कपडे घालून जमणाऱ्या ऐंशी-नव्वद हजारांच्या समुदायात ही सारी मंडळी मिसळलेली दिसतात.

राहिला तो खाऱ्या दलदलींचा प्रश्न. एके काळी वीस हजार एकरांहून अधिक असलेल्या या भूमीपैकी चार हजार एकरांहूनही कमी उरली आहे. पुराला वाट मिळावी म्हणून ओढा सरळ केला, त्याने पात्र खोल केले, आणि भोवतालचे खारे पाणी त्यात निथळून गेले. उरलेल्या जागी रस्त्यांचे व छपरांचे गोडे पाणी येऊन मीठ पातळ झाले. याचा फटका बसला तो सॉल्ट क्रीक टायगर बीटल या अर्ध्या इंचाच्या, गडद तपकिरी, चकचकीत भुंगेऱ्याला, जो जगात केवळ याच परिसरात आढळतो. त्याची अळी ओल्या खाऱ्या चिखलात उभे बीळ करून त्याच्या तोंडाशी डोके बसवून राहते, पाठीवरच्या आकड्यांनी स्वतःस बिळात रोवून घेते, आणि जवळून किडा गेला की क्षणात झडप घालते. प्रौढ होण्यास तिला साधारण दोन वर्षे लागतात. माती जराशी गोडी झाली वा वाळली तर हे सारे चक्र मोडते. २००५ साली संघराज्य सरकारने त्यास संकटग्रस्त घोषित केले, तेव्हा मोजणीत अवघे काही शेकडे भुंगेरे भरत होते. एवढ्याशा कीटकासाठी जमीन अडविण्यावरून तेथे वाद झाले आणि अजून होतात. माझे मत असे, की ज्या नगराची जागाच या मिठाने ठरविली, त्याच्यावर त्या मिठात जगणाऱ्या प्राण्याचा हक्क इतर कोणाही रहिवाशाइतकाच आहे. नगरपालिका, जलव्यवस्थापन मंडळ आणि राज्याचे वन्यजीव खाते यांनी दलदली विकत घेऊन त्यांत खारे पाणी पुन्हा आणण्याचे काम चालविले आहे, आणि प्राणिसंग्रहालयांत वाढविलेल्या अळ्या दरवर्षी त्या चिखलात सोडण्याचे प्रयत्न होत आहेत.

पुढील लेखांकी कॅन्झस राज्यातील विचिटा, म्हणजे गुरांच्या बाजारातून विमानांच्या कारखान्यांपर्यंत गेलेले नगर, पाहू.