एअरपोर्ट लाउंज: खरंच फुकट आहे का? आधी गणित मांडा

प्रवासखर्चाच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, माल बघायला विमानाने जातो, तर लाउंजमध्ये बसावं का?"

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. चिखलीवाला देऊळगाव राजा, जालना करत संभाजीनगरला जातो, मेहकरवाला समृद्धीने नागपूर गाठतो. रस्त्याचा भरवसा नाही म्हणून आपण दोन तास जास्तीचे धरून निघतो. मग तेच दोन तास विमानतळावर रिकामे जातात आणि समोर लाउंजची पाटी दिसते.

लाउंजमध्ये बसायला निवांत जागा, बुफे, चहा-कॉफी, वायफाय आणि चार्जिंग मिळतं. पैसे भरून गेलात तर माणशी हजार-दीड हजार सहज जातात. कार्डावर मात्र "फुकट" असतं. खरी गंमत इथेच आहे.

माझीच चूक सांगतो. लाउंजसाठी मी एक क्रेडिट कार्ड घेतलं. अट अशी की आधीच्या तिमाहीत ठरलेला खर्च कार्डावर झाला तरच प्रवेश. मला १२ हजार कमी पडत होते. म्हणून गरज नसताना नवा मोबाईल घेतला. पुढे दिवाळीच्या मालाला नेमके तेवढेच पैसे कमी पडले आणि चालणारा एक माल मी भरूच शकलो नाही. त्या "फुकट" इडली-कॉफीची किंमत मला अशी पडली.

तेव्हापासून मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

१. माझा कोणता खर्च वाचतोय?
समजा लाउंज १,५०० रुपयांना आहे आणि बाहेर तुम्ही ४०० रुपयांचं खाल्लं असतं. म्हणजे खुर्ची आणि शांततेचे १,१०० झाले. घरून पोळी आणि कोरडी भाजी नेली असेल तर पूर्ण १,५०० खर्चच. शिवाय खाण्यापिण्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट आपल्याला सहसा मिळत नाही. स्वस्त पर्यायही शोधा. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये उडान यात्री कॅफे सुरू झाला, तिथे चहा १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना ठेवला होता. असा कॅफे आणखीही काही विमानतळांवर आहे.

२. हातात खरा वेळ किती?
सिक्युरिटी झाल्यापासून मोजा. इंडिगोचं गेट विमान सुटायच्या २५ मिनिटं आधी बंद होतं. मुंबई-दिल्लीसारख्या विमानतळांवर नेहमीच्या बोर्डिंगच्या घोषणा होत नाहीत, गेटवर स्वतःच लक्ष ठेवावं लागतं. निवांत बसायला तासभरही उरत नसेल तर पैसे भरून जाऊ नका.

३. तिथे बसून काम होणार का?
ऑर्डरची यादी, व्यापाऱ्यांचे फोन, बिलांची नोंद, असं दोन तासांचं काम असेल तर पैसे वसूल. नुसते रील्स बघायचे असतील तर गेटजवळची खुर्ची बरी.

विमान लेट झालं तर? पैसे काढायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर जा. डीजीसीएच्या नियमानुसार, अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा जास्त लेट असेल आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलं असेल, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. बिनधास्त मागा, तो आपला हक्क आहे.

आणखी एक. लाउंजसाठी कुणी पाठवलेल्या लिंकवरून ॲप टाकू नका. २०२४ मध्ये बेंगळुरू विमानतळावर "लाउंज पास" नावाच्या बनावट ॲपने प्रवाशांचे पैसे उडवले होते. प्रवेश मिळतो का, ते बँकेच्या अधिकृत ॲपवर घरूनच बघून निघा.

थोडक्यात, हातातलं कार्ड चालत असेल आणि त्यासाठी एक रुपयाही जास्तीचा खर्च केलेला नसेल, तर खुशाल जा, पोटभर खा. पण लाउंजसाठी कार्ड घेणं किंवा कार्डासाठी खरेदी करणं, हा तोट्याचा धंदा. "दोनवर एक फ्री" बघून गिऱ्हाईक नको असलेला तिसरा शर्ट घेतं, हे आपण दुकानात रोज बघतो. विमानतळावर गिऱ्हाईक आपण असतो, एवढं ध्यानात ठेवा.