शेतातील वाहनास मागील जादा दिवे

शेतीच्या कामास दिवस पुरत नाही, हा अनुभव नाशिक जिल्ह्यातील बागायतदारांस नवा नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेवर औषध फवारावयाचे ते वारा पडल्यावर, म्हणजे सायंकाळी उशिरा किंवा पहाटे, फवारणे इष्ट ठरते. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूस थंडीचा कडाका वाढला की बाग वाचविण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात व वेलींस पाणी सोडावे लागते. लासलगावच्या बाजारात कांदा आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटो वेळेवर पोहोचवावयाचा तर ट्रॉली अंधारातच भरून तयार ठेवावी लागते. पंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की शेतकऱ्यास जीप घेऊन विहिरीपर्यंत जावे लागते, ते वेगळेच.

या सर्व कामांत वाहनास अंधारात जितके पुढे जावे लागते, जवळजवळ तितकेच मागेही यावे लागते. बांधावरची वाट एकाच गाडीच्या रुंदीची असते. समोरून बैलगाडी आली की कोणीतरी मागे हटल्याखेरीज मार्ग मोकळा होत नाही. द्राक्षाच्या दोन ओळींतील अंतर नऊ ते दहा फुटांचे, व टोकास तारा ताणण्यासाठी रोवलेले खांब असतात. तेथे ट्रॅक्टर व त्यामागील ब्लोअर एका दमात वळत नाही, मागेपुढे करूनच वळवावा लागतो. इगतपुरी व त्र्यंबकेश्वरच्या बाजूस पावसाळ्यात भातखाचराच्या कडेला जीप रुतली तर ती बहुधा आलेल्या चाकोरीनेच मागे काढावी लागते. असे असूनही वाहनाच्या पुढील दिव्यांकडे आपण जितके लक्ष देतो, त्याच्या दशांशानेही मागील दिव्याकडे देत नाही.

मागील बाजू अंधारात का राहते

शेतात चालणाऱ्या जीपजातीच्या गाड्यांचे व नाशिकचे नाते जुने आहे. महिंद्रा कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यातून बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्या बाहेर पडल्या, आणि २०२० साली बाजारात आलेली नवी थारही याच कारखान्यात बनू लागली. या जातीच्या अनेक गाड्यांत जादा चाक मागील दारावर टांगलेले असते. खाचखळग्यांत टायर फुटल्यास ते चटकन काढता येते, ही सोय खरी. परंतु चालकास मागील काचेतून दिसणारा खालचा भाग त्या चाकाआड जातो. मागे जाताना लागणारा मूळचा पांढरा दिवा पुष्कळ गाड्यांत २१ वॅटच्या बल्बाचा असतो. गाव किंवा शहराच्या रस्त्यावर, जेथे आजूबाजूस इतर उजेड असतो तेथे तो पुरतो. काळोख्या मळ्यात, चिखलाने माखलेल्या काचेतून, तो पुरत नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. अनेक ट्रॅक्टरांस मागील मडगार्डवर एक कामाचा दिवा असतो. नांगर किंवा ब्लोअर दिसावा यासाठी त्याची योजना असून त्याचे बटण हाताने दाबावयाचे असते. मागचा गिअर टाकल्याबरोबर आपोआप लागणारा दिवा मात्र जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा नसतोच.

या उणिवेचा भार कोणावर पडतो, हे ध्यानी घेतले पाहिजे. छाटणी व काढणीच्या हंगामात पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून मजूर कुटुंबे बागेवर येऊन राहतात. त्यांची मुले क्रेटांच्या आडोशाला, मांडवाखाली, कधी उभ्या ट्रॉलीच्या सावलीत खेळतात व तेथेच झोपी जातात. मळ्यातील वस्तीवर अंगण व वाहन फिरविण्याची जागा एकच असते. वाहन ताशी ५ किलोमीटर इतक्या मंद वेगाने मागे जात असले तरी एका सेकंदात सुमारे १.४ मीटर अंतर कापते. आरोळी ऐकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर सहज सरते. म्हणून मागील दिव्याचा खर्च सजावटीच्या खात्यात न धरता पी.टी.ओ. दांड्यावरील झाकणासारख्या संरक्षक साधनांत धरावा.

दिव्याची निवड

दिवा निवडताना तो किती दूर जातो हे पाहण्याची आपली सवय आहे. मागील दिव्याच्या बाबतीत ती सोडून द्यावी. येथे लांब झोत टाकणारा टोकदार दिवा निरुपयोगी असून दोन्ही बाजूंस पसरणारा दिवा हवा. मागील पाच-सहा मीटरची जमीन, दोन्ही बाजूंचे खांब व तारा स्पष्ट दिसल्या की काम भागते.

५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. १८ वॅटचे दोन एल.ई.डी. दिवे मिळून ३ अँपिअर घेतात व शेतातील मागे घेण्याच्या कामास पुरेसा उजेड देतात. इंजिन बंद असताना हॅलोजनचे दोन दिवे चार तास चालू राहिल्यास ७५ अँपिअर-तासाची बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी होते आणि पहाटे ट्रॅक्टर ढकलण्याची पाळी येते. हॅलोजन दिव्याची काच अत्यंत तापते. उसाचे पाचट किंवा बारदान तिला लागू देऊ नये. या कारणांनी नव्याने दिवे बसविणाऱ्यांनी एल.ई.डी. दिवाच पसंत करावा.

दिव्याच्या खोक्यावर ‘आय.पी. ६७’ असे लिहिलेले असल्यास धूळ आत जात नाही व अल्पकाळ पाण्यात बुडाल्याने तो बिघडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. तथापि ब्लोअर धुण्याच्या जोरदार फवाऱ्यास तो टिकेलच असे नाही. तो फवारा दिव्यावर थेट धरू नये.

पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, असा समज सर्वत्र आढळतो. धुक्यातील पाण्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की सर्व रंगांचा प्रकाश ते जवळजवळ सारखाच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो दिवा खाली बसवून त्याचे तोंड जमिनीकडे झुकविण्याचा. कारण त्यामुळे विखुरलेला उजेड चालकाच्या डोळ्यांकडे कमी परततो.

दिवे कोठे व कसे बसवावेत

जीपच्या मागील बंपरवर, जादा चाकाच्या दोन बाजूंस, एकेक दिवा बसवावा. एकच दिवा मधोमध बसविल्यास चाकाची किंवा अवजाराची दाट सावली पडते. दोन दिवे असले की एकाची सावली दुसरा भरून काढतो. ट्रॅक्टरवर दोन्ही मडगार्डांच्या मागील कडा ही योग्य जागा होय. द्राक्षबागेत हिंडणाऱ्या ट्रॅक्टरचे दिवे मडगार्डच्या बाहेर डोकावू देऊ नयेत, अन्यथा वेलींच्या काड्या व तारा त्यांत अडकतात. बोल्टाखाली स्प्रिंग वॉशर घालावा. नांगरटीच्या हादऱ्याने साधा नट दोन दिवसांत सैल होतो.

दिव्याचा झुकाव ठरविण्यासाठी भिंतीची कसोटी सोपी आहे. दिवे जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर आहेत असे समजू. वाहन सपाट जागी उभे करून दिव्यांपासून भिंत ३ मीटर अंतरावर येईल असे ठेवावे. प्रकाशाचा मध्य भिंतीवर जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर पडला पाहिजे. याचा अर्थ असा की भिंत नसती तर तो मध्य ६ मीटर अंतरावर जमिनीस टेकला असता. एवढा झुकाव ठेवल्यास मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर मुख्य झोत येत नाही.

वायरची जोडणी

गाडीतील मूळ मागील दिव्याच्या वायरीसच नवे दिवे जोडून देण्याचा प्रघात सर्रास दिसतो. तो धोक्याचा आहे. गिअरपेटीवरील लहान बटण मागचा गिअर पडताच दाबले जाते व दिव्याचा प्रवाह चालू करते. ते बटण व त्याची वायर मूळच्या लहान बल्बापुरतीच असते. जादा भार घातल्यास बटणाचे संपर्क जळतात, फ्यूज उडतो, आणि मूळचा दिवाही हातचा जातो.

यावर उपाय रिलेचा. रिले हे प्रवाहाने चालणारे बटण असून लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर ते मोठा प्रवाह चालू करते. त्याच्या टोकांवर आकडे छापलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमधून येणारी वायर ३० या टोकास जोडावी. ८७ या टोकापासून वायर नव्या दिव्यांकडे न्यावी. मूळ मागील दिव्याकडे जाणाऱ्या वायरीतून घेतलेला इशारा ८६ या टोकास द्यावा व ८५ हे टोक अर्थ करावे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. दूर बसविल्यास मधली वायर घासून उघडी पडली असता तिचे रक्षण होत नाही. वर सांगितलेल्या हॅलोजन जोडीस १५ अँपिअरचा व एल.ई.डी. जोडीस ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

वायरीच्या जाडीत काटकसर करू नये. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाऊन परत येण्याची तांब्याच्या वायरीची एकूण लांबी ८ मीटर धरली, तर हॅलोजन जोडीचा प्रवाह १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून नेताना सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटत असल्यामुळे एवढ्यानेच पाचव्या भागाहून अधिक उजेड कमी होतो. त्या दिव्यांस २.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरावी. एल.ई.डी. जोडीस १.५ चौरस मिलिमीटरची चालते. परतीचा प्रवाह गंजलेल्या सांगाड्यावर न सोपविता त्यासाठीही वायर न्यावी. ते शक्य नसल्यास अर्थच्या जागेवरील रंग खरवडून, बोल्ट घट्ट आवळून, वर ग्रीस लावावे. वायर धुराड्याच्या नळीपासून व फिरत्या दांड्यापासून दूर, नळीत घालून न्यावी.

नव्या गाड्यांतील विद्युत रचना नाजूक असते. हमीची मुदत बाकी असल्यास तिच्या अटी पाहूनच, व जाणत्या कारागिराकडून, हे काम करवून घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे.

रस्त्यावरील नियम व तीन स्थितींचे बटण

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०८ प्रमाणे वाहनाने मागील बाजूस लालखेरीज अन्य प्रकाश दाखवू नये. मागे जाताना लागणारा पांढरा दिवा यास अपवाद आहे. पण तो मागे जातानाच. ट्रॅक्टरचा कामाचा दिवा चालू ठेवून बाजाराच्या रस्त्याने निघालेले वाहन आपण नेहमी पाहतो. पाठीमागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांपुढे त्या वेळी केवळ पांढरा लोळ असतो. ट्रॉलीची रुंदी त्यास समजत नाही, आणि हे वाहन पुढे जात आहे की त्याच्याकडे येत आहे, हेही उमगत नाही.

यासाठी तीन स्थितींचे बटण बसवावे. मधल्या स्थितीत जादा दिवे बंद राहतात. एका बाजूस केल्यास रिलेस इशारा मागच्या गिअरकडून मिळतो, म्हणजे दिवे गिअरबरोबर आपोआप लागतात व मालवतात. दुसऱ्या बाजूस केल्यास किल्लीच्या प्रवाहावर ते सतत लागतात. ही स्थिती केवळ शेतातील कामासाठी समजावी. या तिसऱ्या स्थितीत चालकासमोर लहान खुणेचा दिवा लागेल अशी सोय करावी, म्हणजे विसर पडणार नाही. ज्या ट्रॅक्टरास गिअरपेटीवर असे बटण नाही, त्यावर ते बसविता येते काय, हे विक्रेत्याच्या कार्यशाळेत विचारावे. बदल करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयातही चौकशी करणे हिताचे. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो.

ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरवरील दिवे तिच्या आड जातात. म्हणून ट्रॉलीस स्वतःचे दिवे, त्यांस जोडणारे सात टोकांचे सॉकेट व मागील फळीवर लाल परावर्तक पट्टी हवीच. मागे घेताना दिसण्याइतकेच रस्त्यावर उभे असताना दिसणेही महत्त्वाचे आहे.

निगा व अखेरची कसोटी

बोर्डो मिश्रण दिव्याच्या काचेवर वाळले की पांढरा थर बसतो व उजेड मंद होतो. फवारणी संपताच ब्लोअरबरोबर दिव्यांची काचही ओल्या फडक्याने पुसावी. आठवड्यातून एकदा नट, अर्थ व फ्यूज पाहावेत.

दिवे बसवून झाल्यावर पहिल्याच रात्री एक प्रयोग अवश्य करावा. तीन रिकामे क्रेट एकावर एक रचले म्हणजे साधारण तीन वर्षांच्या मुलाइतकी उंची होते. घरातील एकाने ते इंजिन बंद असलेल्या वाहनामागे निरनिराळ्या जागी ठेवावेत व चालकाने बैठकीवरून ते दिसतात काय ते सांगावे. दिसत नाहीत त्या जागा जमिनीवर चुन्याने आखाव्यात. दिवे लागलेले असूनही, विशेषतः बंपरलगत व जादा चाकाआड, काही जागा उरतातच. तेवढा भाग कोणत्याही दिव्याच्या आवाक्यातला नाही. तेथे पाहण्यासाठी चालकाने खाली उतरून वाहनामागे एक फेरी मारावी, मुलांस बाजूस न्यावे, आणि इशारा देणारा माणूस मागे उभा न करता आपल्याला दिसेल असा बाजूस उभा करावा. चुन्याची ती आखणी घरातील प्रत्येकास व बागेवरील प्रत्येक मजूर कुटुंबास दाखवून ठेवावी, म्हणजे त्या जागेत कोणी बसणार अथवा निजणार नाही.