नस दबली म्हणजे नेमकं काय झालं? : थांबायचं केव्हा, धावायचं केव्हा

कंबर धरली आणि कळ पायात उतरली, की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'गादी सरकली' आणि 'मणक्यात गॅप आलाय'. मग एक जण सांगतो, ऑपरेशन केलंस तर कायमचा अंथरुणाला खिळशील. दुसरा सांगतो, नाही केलंस तर पाय जाईल. या दोन भीतींच्या मध्ये पेशंट अडकतो. म्हणून आज आपण नस दबते म्हणजे काय, ती सुटते कशी आणि कुठल्या वेळी एक दिवससुद्धा थांबायचं नाही, हे क्रमाने पाहू.

आधी रचना समजून घेऊ. कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. तिचं बाहेरचं कडं चिवट तंतूंचं आणि आत मऊ गर. दोन मणक्यांच्या मधल्या फटीतून डावीकडे आणि उजवीकडे एकेक नस बाहेर पडते. खालच्या काही नसा एकत्र येऊन सायटिक नस तयार होते. ही शरीरातली सगळ्यात जाड नस, कुल्ल्यातून मांडीच्या मागून खाली जाते. 'सायटिका' हे नाव तिच्यावरूनच आलं.

आता, गादी काही अख्खी सरकत नाही. तिचं कडं चिरतं, आतला गर मागे येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. गादी आणि सायटिका यांचा हा संबंध १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या सर्जननी स्पष्टपणे मांडला. बहुतेक वेळा हे कंबरेतल्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांत घडतं. आणि लक्षात घ्या, त्रास फक्त दाबाचा नसतो. बाहेर आलेल्या गरामुळे नसेभोवती दाह होतो, सूज येते. म्हणूनच पुष्कळदा गर जागेवर असतानाही, दाह शमला की कळ कमी होते.

मग साधी उसण आणि दबलेली नस यांत फरक काय? उसण कंबरेतच राहते. नस दबली की कळ गुडघ्याखाली, पावलापर्यंत जाते. करंट लागल्यासारखी चमक, मुंग्या, बधिरपणा. खोकलं, शिंकलं की वाढते. पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल तर एक नस, चवड्यावर उभं राहता येत नसेल तर दुसरी, असा अंदाज डॉक्टर तपासूनच बांधतात.

वयस्कर मंडळींत प्रकार थोडा वेगळा. तिथे वर्षानुवर्षांच्या झिजेने नसांचा मार्गच अरुंद होतो. थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. त्याचे उपचार थोडे वेगळे, पण आजचा बराचसा भाग त्यांनाही लागू आहे.

आता एमआरआय. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. म्हणजे रिपोर्टमध्ये 'बल्ज' लिहिलंय म्हणून घाबरायचं कारण नाही. फोटोत दिसणारी नस आणि पायात दुखणारी नस एकच आहे का, हा खरा प्रश्न.

उपचारांत सगळ्यात मोठी बातमी चांगली आहे. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांचा त्रास सहा ते बारा आठवड्यांत बराच उतरतो. तोवर काय करायचं? अंथरुणात पडून राहायचं नाही. सोसेल तेवढं चालायचं, वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि कळ थोडी उतरली की फिजिओथेरपी. नसेच्या दुखण्यावर प्रीगॅबलिन सर्रास दिलं जातं. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत सायटिकावर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. पण चालू गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. नसेजवळ दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवड्यांचा आराम देतं. ते गादी दुरुस्त करत नाही, वेळ मिळवून देतं.

शस्त्रक्रिया कधी? आठवडे उलटूनही पायातली कळ असह्य असेल, किंवा पायाची ताकद कमी होत असेल तेव्हा. सूक्ष्मदर्शकातून किंवा दुर्बिणीतून, छोट्या छेदातून फक्त नसेला टेकलेला तुकडा काढतात. बरेच पेशंट दुसऱ्या दिवशी चालू लागतात. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, हेही खरं. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न 'पाय वाचवायचा' नसून 'किती दिवस सोसायचं' हा असतो, आणि ते पेशंटने डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. फक्त एवढं ध्यानात ठेवा, ऑपरेशनने पायाची कळ जशी हमखास कमी होते तशी कंबरेची होईलच असं नाही.

आता धावायची वेळ. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या आत आणि बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांची ताकद गेली, तर नसांचा अख्खा जुडगाच दबलाय असं समजा. तेव्हा मालीश, शेक, मणका 'बसवणं', काही करत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं हॉस्पिटल गाठा. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पाऊल अचानक लुळं पडलं, किंवा कंबरदुखीसोबत ताप आला, वजन घटत असलं, पूर्वी कॅन्सर झालेला असला, तरीही लगेच दाखवा.

लघवीबद्दल बोलायला माणसं लाजतात, विशेषतः घरातल्या बायका. कंबरदुखीच्या पेशंटला घरातल्यांनी एवढं तरी न लाजता विचारावं. आता तुमचे प्रश्न घेऊ.