६८ टाक्यांत १० कसे वाढवायचे? क्रोशाच्या विणकामातील समान अंतराचे सोपे गणित

डिजिटल डेस्क, हिंगोली : गेल्या डिसेंबरात शेजारच्या काकूंनी नातवाच्या बारशासाठी आईकडून क्रोशाचा स्वेटर मागितला होता. बारसे दोन दिवसांवर आले होते. खालची गोल पट्टी ६८ टाक्यांची झाली, वर अंगासाठी ७८ टाके हवे होते. आईने दहा टाके अंदाजाने वाढवले. चार बोटे विणून झाल्यावर पाहिले, तर एक बाजू फुगलेली आणि दुसरी ताणलेली. सगळे उसवावे लागले. त्या रात्री इंजिनीअरिंगची पदवी पहिल्यांदा घरच्या कामी आली.

टाका वाढतो कसा?

एकाच टाक्यात एकाऐवजी दोन खांब घातले की एक टाका वाढतो. असे टाके जवळजवळ आले, तर तिथे फुगा येतो. म्हणून ते फेरीभर सारखे वाटावे लागतात.

भाग पूर्ण जात नसेल तर?

६८ ला १० ने भागले की भागाकार ६ येतो आणि बाकी ८ उरते. गोंधळ होतो तो या बाकीमुळे. नियम सोपा आहे : बाकी जितकी, तितके गट एका टाक्याने मोठे करायचे. म्हणजे ८ गट ७ टाक्यांचे आणि २ गट ६ टाक्यांचे. प्रत्येक गटाच्या शेवटच्या टाक्यात दोन खांब घालायचे. ताळा करून पाहा : ५६ अधिक १२ म्हणजे ६८. दहा गटांत एकेक वाढला, झाले ७८.

लहान गट कुठे ठेवायचे?

ते शेजारी-शेजारी नकोत. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ६८ भागिले १० करा. उत्तर ६.८. त्याचीच पट घेत जा आणि जवळचा पूर्ण आकडा लिहा : ७, १४, २०, २७, ३४, ४१, ४८, ५४, ६१, ६८. या क्रमांकाच्या टाक्यांत दोन खांब. लहान गट आपोआप समोरासमोर येतात.

जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये चौकटींवर तिरकी रेघ काढण्याची पद्धत शोधली, तिच्या मुळाशीही उरलेला अंश सारखा वाटण्याचीच कल्पना आहे. आपले पंचांगही याच चालीने जाते. १९ वर्षांत साधारण ७ अधिक महिने बसवायचे असतात. म्हणून अधिक मास २०१५, २०१८, २०२०, २०२३ आणि २०२६ असा कधी तीन, कधी दोन वर्षांनी येतो.

सपाट ओळ असेल तर?

शेवटचा वाढीव टाका नेमका काठावर येतो आणि शिवण जाड होते. त्यासाठी पहिला गट अर्धा करा. सुरुवातीला ६ ऐवजी ३ साधे टाके घेऊन वाढवा, उरलेले ३ साधे टाके ओळीच्या शेवटी येतील.

गोल रुमाल आणि टोपी

खांबांच्या गोल रुमालात साधारण १२ खांबांनी सुरुवात करून दर फेरीला १२ वाढवतात. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. ही झालरही वाया जात नाही : गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम जास्त टाके वाढवून वक्र भूमितीचे नमुने विणले.

दर फेरीत वाढ त्याच जागी आली, तर रुमालाला कोपरे फुटतात. त्यामुळे वाढीची जागा थोडी सरकवत राहा. टोपीसाठी डोक्याचा घेर ३.१४ ने भागा. ३५ सेंटिमीटर घेराला माथ्याची चकती सुमारे ११ सेंटिमीटर रुंद झाली की वाढ थांबवा.

सुरू करण्यापूर्वी आकडे कागदावर लिहा आणि त्या-त्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा. काकूंचा स्वेटर बारशाच्या सकाळी पूर्ण झाला. आई एवढेच म्हणाली, "हे आधी नाही का सांगायचं?"