विमानांतील हवा

परदेशीं मुलगा अगर मुलगी नाहीं असें घर आतां आपल्या समाजांत विरळाच आढळेल. त्यामुळें ज्यांनीं आयुष्यांत काशी-रामेश्वरापलीकडे प्रवास केला नाहीं अशीं वडील माणसेंहि लेकीच्या बाळंतपणासाठीं किंवा नातवंडांच्या ओढीनें पंधरा-पंधरा तास विमानांत बसून येतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत एक प्रश्न घोळत असतो आणि संकोचानें तो ते कोणास विचारीत नाहींत. खिडकी उघडत नाहीं, दार उघडत नाहीं, तीनशें माणसें एका लांबट नळकांड्यांत रात्रभर कोंडलेलीं. मग एवढ्यांना हवा पुरते कशी? निघतांना प्राणवायूच्या टाक्या भरून घेत असतील, अशीहि कांहींची समजूत असते. आमच्या मतें हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा मुळींच नाहीं. त्याचें उत्तर ठाऊक असलेल्या माणसाची निम्मी भीति जाते, आणि क्वचित् प्रसंगीं तें ठाऊक असण्यावर जीवहि अवलंबून असतो.

प्रथम बाहेरची स्थिति पाहूं. मोठीं विमानें बहुधा ३५,००० ते ४०,००० फुटांवरून जातात. ३५,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या चौथाईहूनहि किंचित् कमी असतो आणि थंडी शून्याखालीं सुमारें ५४ अंश सेंटिग्रेड. त्या हवेंतहि प्राणवायूचें प्रमाण शेंकडा २१ च असतें. परंतु हवाच इतकी विरळ कीं, एका श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायु अगदीं तुटपुंजा ठरतो. तेथील हवा एकाएकीं हुंगावी लागली तर धडधाकट मनुष्याचीहि विचारशक्ति अर्ध्या ते एका मिनिटांत लोपते. तेव्हां हवा बाहेरचीच घ्यावयाची, पण ती दाबून दाट करून घ्यावयाची, हाच उपाय उरतो.

हें दाबण्याचें काम बहुतेक विमानांत इंजिनच करतें. जेट इंजिनाच्या पुढल्या भागांत पात्यांच्या चक्रांची माळ असते. तिला कॉम्प्रेसर म्हणतात. समोरची हवा ओढून, इंधनाशीं तिची गांठ पडण्यापूर्वीं, ती घट्ट दाबणें हें तिचें काम. या दाबलेल्या हवेचा थोडा भाग, इंधन मिसळण्याच्या आधींच, नळीवाटे बाजूस काढून घेतात. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, हा अनुभव घरांतील मुलांना असेलच. हवा दाबली कीं तापते. इंजिनांतून काढलेली ही हवा २०० अंशांच्या घरांत गेलेली असते. म्हणजे मौज अशी कीं, बाहेर हाडें गोठविणारी थंडी असतां विमानांतील यंत्रांस मुख्य काम पडतें तें हवा तापविण्याचें नव्हे, निवविण्याचें!

निवविण्याचीं हीं यंत्रें बहुधा विमानाच्या पोटांत बसविलेलीं असतात. ऊन हवा प्रथम पातळ पत्र्यांच्या पेटींतून जाते. पत्र्यांच्या दुसऱ्या बाजूनें बाहेरचा गार वारा वाहत असतो. नंतर ती आणखी दाबतात, पुन्हां निववितात आणि शेवटीं टर्बाइनच्या लहानशा चाकावर सोडतात. तें चाक फिरवितांना हवा फुगते, आपली उष्णता त्या श्रमांत खर्ची घालते आणि पार शून्य अंशांच्या आसपास येते. पुन्हां, हवा दाबणारें चाक याच चाकाच्या आंसावर बसविलेलें असल्यामुळें हवेची शक्ति हवेलाच निवविण्याच्या कामीं येते. घरच्या फ्रिजमधल्यासारखा निराळा वायु येथें लागत नाहीं. आम्हांस तर ही युक्ति सगळ्या विमानांत सर्वांत सुरेख वाटते. अखेर या गार हवेंत बेताची ऊन हवा मिसळून ती माणसांना सोसेल अशी करतात. मुंबईस पावसाळ्यांत विमान जमिनीवर उभें असतां छताजवळून पांढरा धूर निघाल्यासारखा दिसतो व नवखीं माणसें दचकतात; तो धूर नसून दमट हवा एकदम निवल्यामुळें झालेलें धुकें होय.

केबिनमध्यें शिरणाऱ्या हवेंत साधारण निम्मी बाहेरची ताजी व निम्मी आंतलीच, पण अत्यंत बारीक गाळणींतून गाळलेली असते. ती डोक्यावरून येते आणि पायांजवळच्या जाळ्यांतून निघून जाते. सगळी हवा बदलण्यास दोन-तीन मिनिटें पुरतात. दारें-खिडक्या लावलेल्या आपल्या दिवाणखान्यांत इतकें वायुवीजन खास होत नसेल. दाब राखण्याची तऱ्हा मात्र अगदीं साधी आहे. नळ सोडून ठेवून हौदाचें बूच कमी-अधिक उघडलें तर पाणी हव्या त्या पातळीवर राखतां येतें. तसेंच विमानाच्या मागल्या अंगास एक झडप असते आणि ती किती उघडावी हें यंत्र क्षणोक्षणीं ठरवितें.

मग समुद्रकिनाऱ्याइतकाच दाब आंत कां ठेवीत नाहींत? कारण आंतली हवा विमानाचें कवच बाहेर ढकलीत असते. उंचावर प्रत्येक चौरस इंचावर आठ-नऊ पौंडांचा रेटा बसतो. एका मोठ्या दारावर हा भार आठ-नऊ टनांच्या घरांत जातो. (म्हणूनच उंचीवर असतां कोणीं वेड्यासारखें दार ओढलें तरी मनुष्यबळानें तें उघडणें शक्य नाहीं.) प्रत्येक उड्डाणांत कवच किंचित् फुगतें व उतरतांना आवळतें. दाबलेल्या हवेचें पहिलें प्रवासी विमान, बोइंग स्ट्रॅटोलायनर, १९४० सालीं अमेरिकेंत सुरू झालें. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो-जिनीव्हामार्गें लंडनास निघालेल्या एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ विमानाची केबिनहि अशीच होती. परंतु या फुगण्या-आवळण्यानें धातु किती थकतो, हें जगास कळलें तें फार मोठी किंमत देऊन. इंग्रजांचें कॉमेट हें पहिलें जेट प्रवासी विमान १९५२ मध्यें चालूं झालें. १० जानेवारी १९५४ रोजीं एक कॉमेट एल्बा बेटाजवळ ३५ माणसांसह आकाशांतच फुटलें. ८ एप्रिलला नेपल्सनजीक दुसरें गेलें, त्यांत २१ माणसें होतीं. फार्नबरो येथील संशोधकांनीं एक सबंध कॉमेट पाण्याच्या टाकींत बसविलें आणि त्याच्या पोटांत पाण्याचाच दाब पुनःपुन्हां चढवून उतरविला. आधींचीं खरीं उड्डाणें धरून ३,०५७ आवर्तनें झालीं आणि कवच फाटलें. खिडक्यांसारख्या भोंकांच्या कोपऱ्यांशीं ताण सांचून धातूस चीर पडते, हें त्यावरून उमगलें.

म्हणून तडजोड अशी कीं, आंतला दाब ८,००० फूट उंचीच्या डोंगरावरील दाबाहून कमी होऊं द्यावयाचा नाहीं. आपलें महाबळेश्वर सुमारें ४,५०० फूट व कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे विमानांत बसलेला मनुष्य पुष्कळदां कळसूबाईच्याहि वर, उटकमंडच्या उंचीवर रात्र काढीत असतो! तेथें समुद्रकिनाऱ्याच्या मानानें प्राणवायु पाऊणपट मिळतो. निरोगी माणसास याची बाधा नाहीं. पण ज्यांचें हृदय किंवा फुप्फुसें अधू आहेत त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तिकीट काढूं नये. बोइंग ७८७ हें विमान २०११ पासून प्रवाशांच्या सेवेंत आहे; त्यांत हवा विजेच्या कॉम्प्रेसरनीं दाबतात आणि कवच धातूचें नसल्यामुळें केबिन ६,००० फुटांच्या दाबावर ठेवतां येते.

गृहिणींच्या उपयोगाच्या चार गोष्टी येथेंच सांगतों. या उंचीवर कोंडलेली हवा सुमारें तिसऱ्या हिश्शानें फुगूं पाहते. चकल्यांच्या पिशव्या टम्म होतात, कांठोकांठ भरलेली लोणच्याची बरणी तेल गाळते, आणि निघण्यापूर्वीं वालाची उसळ खाल्लेल्यांचें पोटहि याच नियमाला बांधलेलें असतें. विमान उतरूं लागलें कीं तान्ह्यास पाजावें, झोंपलेल्या मुलास उठवून कांहीं गिळावयास द्यावें, म्हणजे कान ठणकत नाहींत. बाहेरच्या हवेंत ओलावा जवळजवळ नसतोच. तेव्हां पाणी मागून प्यावें, उठण्याच्या कंटाळ्यानें तहान मारूं नये.

आतां मुख्य गोष्ट. ही सारी व्यवस्था क्वचित् चुकते. १४ ऑगस्ट २००५ रोजीं सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या विमानांत दाब नियंत्रित करणारी कळ दुरुस्तीनंतर चुकीच्या जागीं राहिली होती. धोक्याचा भोंगा झाला, पण वैमानिकांनीं त्याचा अर्थ भलताच केला आणि थोड्याच वेळांत ते बेशुद्ध झाले. विमान आपोआप उडत राहून इंधन संपल्यावर कोसळलें व १२१ जण गेले. २० सप्टेंबर २०१८ रोजीं मुंबईहून जयपुरास निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानांत इंजिनांतून हवा घेण्याची कळच दाबावयाची राहिली. सुमारें ३० प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलें. सुदैवानें विमान लागलीच मुंबईस परतलें.

आंतला दाब सुमारें १४,००० फुटांवरील दाबाइतका खालावला कीं डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खालीं लोंबतात. वैमानिक विमान झपाट्यानें १०,००० फुटांपर्यंत खालीं आणतो. तोंवर, म्हणजे बारा-पंधरा मिनिटें पुरेल इतका प्राणवायु त्यांत मिळतो. ‘आधीं स्वतःचा मुखवटा लावा, मग मुलाचा,’ ही सूचना आपल्याकडील आईस किंवा आजीस आपमतलबी वाटते, आणि आमची खात्री आहे कीं शंभरांतील नव्वद आज्या ती मनांतल्या मनांत मोडूनच ऐकत असतील. परंतु हिशेब करून पाहावा. हातांत असलेला अवधि अर्ध्या मिनिटाचा. घाबरलेल्या, मान फिरविणाऱ्या नातवाला मुखवटा चढवितांना तो सरला तर आजीची शुद्ध हरपते, आणि मग नातवाचा मुखवटा निसटला तरी सांवरणारें कोणी उरत नाहीं. उलट आजीनें आधीं आपला लावला आणि तेवढ्यांत नातवास क्षणभर भोंवळ आली, तरी ती त्याला लावून देऊं शकते व तो शुद्धीवर येतो. मुखवटा लावतांना तो आपल्याकडे जोरानें ओढावा, म्हणजे प्राणवायु सुटूं लागतो. त्याच्याखालची पिशवी फुगली नाहीं तरी प्राणवायु येत असतो. ती फुगत नाहीं म्हणून मुखवटा काढून पाहूं नये.