आजीच्या डब्यातलं नाणं: जुनं की दुर्मीळ?

लग्न ठरलं की घरातले जुन्या सोन्याचे डबे उघडतात. ताईच्या लग्नाच्या वेळी आमच्या आजीनेही कापसात गुंडाळलेली दोन नाणी बाहेर काढली. सराफाने ती काट्यावर ठेवली, घट सांगितली आणि दोन्हींना एकच भाव लावला. आई म्हणाली, "दोन दिवस थांबूया." ते बरंच झालं, कारण त्यातली एक गिनी होती आणि दुसरी पंधरा रुपयांची मोहर.

तुमच्याही घरात अशी नाणी असतील, तर ती वितळवण्याआधी भिंग घेऊन बसा. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ साली मुंबईच्या टाकसाळीत ही दोन्ही नाणी पाडली गेली. दोन्ही २२ कॅरटची, वजन ७.९९ ग्रॅम, एका बाजूला पंचम जॉर्ज. गिनीच्या मागे घोडेस्वार आणि ड्रॅगन असतो. सालाच्या वर, जमिनीच्या रेघेवर बारीक इंग्रजी 'आय' दिसला तर ती मुंबईची. मोहरेवर मात्र १५ रुपये असं इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता गंमत बघा. मुंबईच्या गिन्या पाडल्या जवळपास १३ लाख आणि मोहरा सुमारे २१ लाख. तरी आज बाजारात मोहर कमी दिसते आणि तिला भावही जास्त मिळतो. म्हणजे किती पाडली यापेक्षा वितळण्यातून किती वाचली आणि आज ती किती जणांना हवी आहेत, हे महत्त्वाचं.

नुसतं वयही फसवतं. शिवरायांची तांब्याची शिवराई साडेतीनशे वर्षं जुनी असू शकते, पण ती नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे सहज मिळते. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' हीच अक्षरं असलेला, जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा सोन्याचा होन मात्र मोजकाच शिल्लक आहे. म्हणूनच त्याच्या नकला भरपूर! कुणी "घराण्यातला होन आहे, अडचण आहे म्हणून विकतोय" असं म्हणत आलं, तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पाकीट उघडू नका.

पुतळीचंही तसंच. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं नाणं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. ते आपल्याकडे इतकं आवडलं की सोनारांनी माळेसाठी तशीच घडवायला सुरुवात केली. अस्सल नाण्यावरची लॅटिन अक्षरं वाचता येतात. सोनाराच्या पुतळीवर बहुतेक वेळा नुसत्या अक्षरांसारख्या रेघा असतात. अर्थात पणजीच्या माळेतली पुतळी सोनाराची निघाली म्हणून ती माळ कमी प्रिय होत नाही, पण संग्राहकाचा भाव तिला मिळणार नाही.

आणि कृपा करून नाणं चमकवू नका. रिठ्याचं पाणी, ब्रश, पॉलिश, काही नको. दागिने धुवायची आपली सवय इथे महागात पडते, कारण घासल्याचे बारीक ओरखडे जाणकाराला लगेच दिसतात. डाख देऊन लावलेली कडी असेल तरी संग्राहक किंमत कमी करतो. पण ती उपटू नका, डाखाची खूण राहतेच. नाणं कडेने धरा आणि एकेकटं ठेवा. आमच्या आजीचा कापूस चालतो, पण दोन नाणी एकमेकांवर घासू देऊ नका.

विकायचंच असेल तर सराफाबरोबर नाण्यांच्या एखाद्या जाणत्या व्यापाऱ्यालाही विचारा. मोठ्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे एकाच नाण्याबद्दल तीन जणांना विचारता येतं.

जमिनीत सापडलेलं नाणं वेगळं. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ च्या गिनीने ही शंभरी केव्हाच ओलांडली आहे. त्यामुळे परदेशी निघालेल्या लेकीला आजीची मोहर द्यायची असेल, तर आधी नियम विचारून घ्या.